देवघरातलं वारूळ

कागलात आमच्या गल्लीतल्या दानम्माक्कांच्या देवघरात भिंतीला लागून वारूळ वर आलं. त्या रोज त्याच्यापुढं दूध ठेवायच्या.

"आई, वाळवी हाय ती. वरची तुळई पोकळ झालीया," म्हणत पोरगा संगमेश औषधाचा डबाच घेऊन आला.

"नागोबानं जागा धरलीया. हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

त्यानं डबा कोपऱ्यात ठेवला. आठवड्याभरात तुळई छपरासकट कोसळली. खाली संगमेश देवाला दिवा लावत होता.

तिसऱ्या दिवशी दानम्माक्का तोच डबा उचलून वारुळाकडं धावल्या.


नारळ घेऊन रांगेत उभ्या असलेल्या आम्हीच त्यांचे हात धरले. "अक्का, घर पडलं, पोरगं गेलं, पण वारुळाला खरचटलंसुद्धा न्हाय. एवढं जागृत ठिकाण, हात कसा लावू देऊ?"