पायाळू

रानवाडीत त्या महिन्याची डॉक्टरकी शेवंताकडे होती. एरवी ती कपडे शिवायची. पण पन्नास गावांमागे एकच डॉक्टर उरला, तेव्हापासून त्याचं ज्ञान कानामागच्या चकतीतून महिनाभर कुणाच्याही डोक्यात उतरवता येई आणि गावकरी आळीपाळीने डॉक्टर होत.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी तिचा धाकटा दीर धापा टाकत आला. "वहिनी, गोदा अडलीय!"

बांधावरून भांडण झाल्यापासून या दोघी जावा चार वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. शेवंता हात धुऊन तशीच निघाली.

तिला पाहताच गोदाने भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवंताने तिचं पोट चाचपलं. बाळ पायाळू होतं.

"गोदा, रुसायचं तर उद्या रूस. आता मी सांगेन तेव्हाच जोर लाव."

गोदाने तिचं मनगट घट्ट धरलं. तासाभराने बाळाचे पाय आले, मग खांदे. डोकं अडलं, तेव्हा शेवंताने ते न घाबरता अलगद सोडवलं. मुलगी टाहो फोडून रडली.

दुसऱ्या दिवशी चकती पोस्टमन दगडूकडे गेली. शेवंता बाळाला बघायला आली, तेव्हा गोदा म्हणाली, "अक्का, हिला सारख्या शिंका येतायत. काय करू?"

शेवंताने आठवून पाहिलं. डोक्यात काहीच उरलं नव्हतं.

"मला काय कळतंय त्यातलं? दगडूला बोलावू," ती हसून म्हणाली. "आज मी हिची नुसती थोरली आई."

गोदाने लेक उचलून तिच्या मांडीवर ठेवली.