लाइपत्सिगची घरमालकीण

तिसऱ्यांदाही खोली द्यायला नकार मिळाला, तेव्हा दलेंदाने फोन ठेवला आणि ती बाकावर दोनदा बसून दोनदा उठली.

"काय म्हणाली?" तिजानी मास्तरांनी विचारलं.

"रात्री दहानंतर पाण्याचा आवाज चालणार नाही म्हणे. मी म्हटलं, मी रात्रपाळीची नर्स. तर म्हणते, मग नकोच."

"म्हणजे तिचं बोलणं कळलं. आता तिला पटव."

स्फॅक्स शहरातल्या या जर्मनच्या वर्गात घोकंपट्टीला मज्जाव होता. भाषा कामातून शिकायची, हा मास्तरांचा दंडक. कोणी फोनवर डॉक्टरची वेळ घेई, कोणी चावणारे बूट बदलून मागे. दलेंदाच्या वाट्याला लाइपत्सिगच्या क्रूगरबाई आल्या होत्या. त्यांच्याकडून खोली मिळवायची, मगच मास्तर तिच्या फॉर्मवर सही करणार. फॉर्म शुक्रवारपर्यंत पोचला नाही, तर तिकडच्या इस्पितळातली तिची जागा दुसरीला जाणार. आज गुरुवार होता. घरी आईने शेजारणींना निरोपाचा कुसकुस दोनदा खाऊ घातला होता. तिसऱ्यांदा कोणत्या तोंडाने बोलवायचं, या काळजीत ती होती.

"जर्मन माणूस थेट मुद्द्यावर येतो म्हणाला होतात," दलेंदा कुरकुरली. "ही बाई आधी दहा मिनिटं आईची, भावांची, मावशीच्या गुडघ्याची चौकशी करते. मग नाही म्हणते."

"एकटी असेल बिचारी," मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"नियम मात्र अस्सल जर्मन. कचऱ्याचे चार डबे, जिन्यात बूट ठेवायचे नाहीत. सातवा धडा जसाच्या तसा."

"बघ. उगाच पुस्तकाला नावं ठेवता तुम्ही पोरी."

दलेंदा व्हरांड्यात गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चार फेऱ्या मारल्या, नंबर लावला, कापला, परत लावला.

पुन्हा आई, पुन्हा भाऊ, पुन्हा मावशीचा गुडघा. या खेपेला तिने घाई केली नाही. तिनेही विचारलं, "आणि तुमची तब्येत?"

मग बाई म्हणाल्या, कंबर धरली आहे, सकाळी उठवत नाही.

दलेंदा खोली विसरली. कुशीवर कसं वळायचं, हाताचा रेटा कसा द्यायचा, पाय आधी खाली कसे सोडायचे, सगळं सांगत सुटली. शब्द अडला तिथे दुसरा घातला, तोही अडला तिथे तिसरा. बाईंनी दोनदा परत विचारलं, तिने दोनदा परत सांगितलं.

"कधी येतेस?" बाईंनी अचानक विचारलं.

"एक तारखेला."

"ये. आणि पाणी हवं तेव्हा सोड."

दलेंदा धावतच मास्तरांच्या खोलीकडे निघाली. पायातली चप्पल मागे राहिली, ती घ्यायलाही थांबली नाही. धाप लागल्यामुळे दाराशी टेकली. आत मास्तरांसमोर तिच्याच वयाची एक बाई उभी होती, दुपारच्या तुकडीतली असावी. फॉर्म पुढे सरकवत ती अस्सल स्फॅक्सच्या बोलीत सांगत होती,

"मास्तर, तुमच्या त्या जर्मन परीक्षक बाई आपल्याकडच्या नर्सचं सोंग फार बेमालूम वठवतात हो, चुकासुद्धा अगदी आपल्यासारख्या करतात. दिली एकदाची त्यांना खोली. आता करा माझ्या फॉर्मवर सही."