दोन मिलिमीटर

"ताई, चार बोल्ट हायेत, चार छेद हायेत. आता अजून काय पाहिजे?" गॅरेजवाले बाबाराव म्हणाले.

नागपुरातल्या जरीपटक्यातल्या त्या गॅरेजात अपेक्षा उकिडवी बसली होती. कडेवर नऊ महिन्यांचा प्रशिक, हातात स्टीलची पट्टी. समोर तिच्या नवऱ्यानं, अंकुशनं, हौसेनं आणलेली चार अलॉय चाकं. सेकंडहँड, पण चकचकीत.

नुसते चार छेद असून भागत नाही, हे तिनं कालच वाचलं होतं. समोरासमोरच्या दोन छेदांमधलं अंतर गाडीशी जुळावं लागतं. त्यांच्या गाडीचं शंभर मिलिमीटर. बाजारात अठ्ठ्याण्णववालीही चाकं मिळतात. फरक डोळ्यांना दिसत नाही. बोल्ट आत जातात, जोर लावला की आवळलेही जातात. फक्त तिरके बसतात. मग कधीतरी हायवेवर चाक निघतं. उद्या सकाळी तिघांना यवतमाळला जायचं होतं.

लेकरू झाल्यापासून ती सगळंच मोजत होती. पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर, गॅलरीच्या कठड्याची उंची, आंघोळीच्या पाण्याची ऊब. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमच्या घरी नगरपालिकेचा इंजिनियर आहे. पास केल्याशिवाय पाळणासुद्धा हलत नाही." सगळे हसायचे. आधी तीही हसायची. अलीकडे मात्र तिलाच वाटायला लागलं होतं, की बिघाड आपल्यातच असावा.

म्हणून घरून निघताना अंकुशनं अट घातली आणि तिनं मुकाट्यानं कबूल केली. चाकं चुकीची निघाली तर तो परत करणार. बरोबर निघाली, तर यापुढे तिनं काही मोजायचं नाही. काहीच.

एका छेदाच्या डाव्या काठापासून समोरच्या छेदाच्या डाव्या काठापर्यंत तिनं पट्टी धरली. शंभर. दुसरं चाक, शंभर. तिसरं, चौथं, शंभरच.

"झालं समाधान?" अंकुश म्हणाला.

"झालं."

तिनं पट्टी पर्समध्ये टाकली. सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

बाबारावांनी जॅक लावला. जुनी तीन चाकं भराभर निघाली. राहिलं मागचं डावं, प्रशिकची सीट असते त्याच्या खालचं. त्याचा शेवटचा बोल्ट काही हलेना. बाबाराव पान्यावर उभे राहिले, तेव्हा कट्‌कन सुटला. त्यांनी तो बोटांत फिरवून पाहिला. एका अंगानं घासून लख्ख झालेला, दुसऱ्या अंगानं गंजलेला.

"जुनं झालं की होते असं," म्हणत त्यांनी तो थाळीत टाकला.

अपेक्षा थाळीवर वाकली. बाकीच्या चाकांचे बोल्ट चहूबाजूंनी सारखे होते. या एका चाकाचे चारही एकाच अंगानं घासलेले. कबूल केलं ते केलं. मग तिनं पट्टी काढली आणि अंकुशपुढे धरली.

"मी नाही मोजत," ती म्हणाली. "तू मोज. हे जुनं."

"हे? अगं, हे दिवाळीपासून फिरून राहिलं!" अंकुश हसत हसत खाली बसला. पट्टी लावली. उचलली. परत लावली. हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं होतं.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला.

दिवाळीपासून सहा महिने. त्यात दोनदा वर्धा, एकदा चंद्रपूर, लसीकरणाच्या सगळ्या फेऱ्या. दर वेळी प्रशिक त्या चाकावर गाढ झोपलेला. अपेक्षानं त्याला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"खड्ड्यात तुमची रिम वाकली होती," बाबाराव सावकाश म्हणाले. "तवा मीच बसवली ही. भंगारातून आणली होती."

"एकच आणली होती?" अपेक्षानं विचारलं.

"तीन," बाबाराव म्हणाले. "बाकीच्या दोन कृष्णकांतच्या व्हॅनले." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाबारा. हात न पुसताच त्यांनी खिशातून फोन काढला.

"कृष्णकांत, कुठी हायेस गा? ...शाळेतून निघाला? किती लेकरं हायेत व्हॅनमंदी? ...बरं. बाजूले लाव गाडी. लाव म्हणतो ना! सगळ्यायले खाली उतरव, सावलीत उभं कर. मी येऊन राहिलो."

पलीकडचा माणूस मोठ्यानं हसला. ते अपेक्षालाही ऐकू आलं.

"नाही, झालं काहीच नाही," बाबाराव म्हणाले. "मले भेव लागून राहिलं, म्हणून."