अर्धी मिशी

"शशामामा पट्टीशिवाय एक शब्द बोलले, तर चौकात अर्धी मिशी उतरवीन," अशी पैज शेजारच्या तात्या गुरवाने मारली.

लकव्याने मामांची वाचा गेल्यापासून त्यांच्या मनातलं ओळखून गळ्यातली यंत्राची पट्टीच बोलायची, पण गोडगोड करून. सोसायटीच्या सभेत गेटजवळचा उतार तोडायला सगळ्यांचा होकार हवा होता. मामांची चाकाची खुर्ची त्या उतारावरूनच बाहेर पडायची. मामा मनात शिव्या हासडत होते, पट्टी म्हणाली, "माझी हरकत नाही."

थेरपिस्ट मृण्मयीने तीन महिने त्यांच्या डाव्या हाताला कपड्यांचे चिमटे उघडायला लावले होते. त्याच हाताने मामांनी पट्टीचा चाप काढला, पट्टी चहात बुडवली आणि वाकड्या तोंडाने म्हणाले, "न्… नाय."

उतार वाचला. दुसऱ्या दिवशी चौकात तात्याने गाल पुढे केला. वस्तरा मामांच्या डाव्या हातात.

"मामा, हात थरथरतोय तुमचा."

"नाय," मामा म्हणाले.