डोकं वाचवणारा

“धडकताना डोकं बाजूला घेतो हा! असला कसला लाइनबॅकर?” अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमबाहेर शेगडीवरच्या बरगड्या उलटत वेंडेल कुरकुरला.

समोरच्याला धडकून पाडायच्या या जागेवर राखीव खेळाडू ट्रेंट आज पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होता आणि जिना चढताना धापा टाकणारी मंडळी त्याची हिंमत मोजत होती.

“या जागेवरचा आधीचा कोल्बी बघा, सरळ डोकं घालायचा! वाघ!”

वाघाच्या नावानं बियरचे डबे उंचावले. गेल्या शनिवारी स्ट्रेचरवरून नेलेला वाघ आता कसा आहे, हे मात्र कुणी विचारेना.

सॅलड वाढणाऱ्या ओपलचा, ट्रेंटच्या आईचा, हात थांबला.

“काल इस्पितळात भेटले कोल्बीला. हळूच विचारतो, ‘ही रडणारी बाई कोण हो?’ त्याची आई होती ती, वेंडेल.”