कुस्कोचा पाऊस

"टोपी काढ आधी. खोलीत कोण टोपी घालून बसतं?" फोन लागताच तानुबाईंनी सुरुवात केली.

पडद्यावर निकिता हसली. लाल-पिवळी लोकरीची टोपी, वर गोंडा, कानांवर लोंबणारे दोन पट्टे. पाठीमागे रंगीत पट्ट्यांचं कापड टांगलेलं. "थंडी आहे गं इथे. आणि तू फोन खाली धर ना, आई. रोज नुसतं कपाळ दिसतं तुझं."

"कपाळच बघ. बाकी काय राहिलंय बघण्यासारखं?" तानुबाईंनी फोन आणखी वर धरला.

बाकावर शेजारी आक्काबाई बसल्या होत्या. त्या विंचूरच्या. दोघींची ओळख याच बाकावरची, या जानेवारीतली. सकाळच्या गारठ्यात सगळी माणसं अंगणात उन्हाला बसलेली आणि तानुबाई मात्र हट्टाने निंबाच्या सावलीत. मांडीवर पिशवी, पिशवीत विणकाम. फोन वाजला तशी सुया आत गेल्या होत्या.

"लेक का?" आक्काबाईंनी हळूच विचारलं.

"लेक. जावयाबरोबर पेरू देशात गेलीय, कुस्कोला. डोंगरावरचं जुनं राजधानीचं गाव म्हणे." तानुबाईंनी फोनवर हात ठेवला. "नाव ऐकून मला वाटलं, आमच्या शेजारच्या कुसाबाईचं माहेर असेल."

आक्काबाई पदरात हसल्या.

"काय बघितलंस आज?" तानुबाईंनी हात काढला.

"पाऊसच बघितला. थांबतच नाही. पण मजा येते आई. इथल्या जुन्या भिंतींचे दगड असे बसवलेत, की मधे सुरीचं पातं जात नाही म्हणतात."

"म्हणतात. म्हणजे तू नाही बघितलेस."

"बघेन ना. हे गाव फार उंचावर आहे. चार पावलं टाकली तरी दम लागतो. मग खिडकीशी पांघरूण घेऊन बसते, कौलांवरचा पाऊस ऐकते. महेश पत्ते पिसतो. हॉटेलातली बाई फार मायाळू आहे, येऊन उशी नीट करून जाते."

"उशी नीट करून जाते," तानुबाईंनी आक्काबाईंसाठी पुन्हा म्हटलं. "अर्धी पृथ्वी ओलांडून महाराणी रमी खेळतायत. अगं, घोटीच्या लॉजवर गेली असतीस. पाऊस तिथेही पडतो."

निळ्या शर्टातला महेश वाकून पडद्यात आला. "नमस्कार आई," म्हणाला आणि बाजूला झाला. फोनमधून पावसाचा आवाज येत होता, एकसारखा, ना कमी ना जास्त.

"खिडकीचा पडदा सरकव बरं. दाखव तुझा पाऊस."

निकितानं टोपी कानांवर ओढली. "इथे रात्र आहे, आई. काळोखात काय दिसणार?"

"राहू दे मग. पाणीच ते." तानुबाईंनी विषय सोडला. "ते माकडटोपं कुठून उचललंस?"

"इथल्या बाजारातून. अल्पाकाच्या लोकरीचं आहे. हातानं विणलेलं."

"कुणाच्या हातानं? आंधळीच्या? टाके बघ किती सैल. वारा आरपार जात असेल. फसवलं तुला दुकानदारानं."

"सैल आहेत खरे," निकिता टोपीवरून हात फिरवत म्हणाली. "पण मऊ आहे. टोचत नाही."

"जेवलीस?"

"अन्न टिकतच नाही पोटात. उंचीनं होतं असं. काल मात्र महेशनं कुठून तरी मऊ भात आणला. अगदी आपल्या घोटीच्या तांदळासारखा."

"पोचले वाटतं आपले तांदूळवाले तिकडे. टिकला का?"

"टिकला."

"मग तोच खा. फिरणं नाही जमलं, खाणं तरी शिकून ये." तानुबाईंनी पिशवीतला डबा चाचपला, मग आवाजाला पुन्हा धार चढली. "सोमवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे. येणार होतीस."

"दरडी कोसळल्यात, आई. रस्ते बंद आहेत. डॉ..." निकिता खोकली. "ड्रायव्हर म्हणतो, अजून काही दिवस तरी हलता येणार नाही."

"बस मग पाऊस ऐकत. तुझ्या बापाला सांगते मी, लेक पत्त्यांत अडकलीय."

त्यांनी फोन बंद केला. पिशवीतून सुया बाहेर आल्या.

"लय सोकावली वो तुमची पोरगी," आक्काबाई म्हणाल्या. "बापाचं वरीसश्राद्ध, आन् ही पाऊस ऐकती."

"बाप गेला तेव्हा गळ्यात पडून म्हणाली होती, आई, आता तुला कसली म्हणून काळजी करू देणार नाही." तानुबाई टाके घालत राहिल्या. "बघा, कशी मिटली काळजी."

"आसल्या लेकीला दोन कानाखाली द्याया पायजेत."

"द्यायच्यात. परत आली की देणारच आहे."

समोरच्या इमारतीच्या दारातून रखवालदाराने हाक दिली, पेशंटला भेटायची वेळ झाली. उन्हातली माणसं उठली. आक्काबाईही उठल्या. "चला, आमच्या म्हाताऱ्याचं सलाईन संपलं आसंल. तुमी नाय येत का वर? कदीच येत नाय. तुमचं हाय तरी कोन हितं?"

तानुबाईंनी जिन्याकडे पाहिलं. गर्दीच्या उलट दिशेने, किमो वॉर्डाच्या जिन्यावरून एक माणूस उतरून त्यांच्याकडेच आला. निळा शर्ट, हातात रिकामा डबा. आक्काबाईंनी फोनकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि त्या परत खाली बसल्या.

तानुबाईंनी भाताचा गरम डबा त्याच्या हातात दिला. मग शेवटचा टाका बंद केला, दोरा दातांनी तोडला आणि पिशवीतून लाल-पिवळी टोपी बाहेर काढली.

"ही घट्ट विणलीय, महेशराव," त्या म्हणाल्या. "सांगा तिला, दुकानदारानं बदलून दिली."