तिचे पिवळे गमबूट

बायको गेल्यापासून परसातल्या कोंबड्या मला जवळ येऊ देत नव्हत्या. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, देऊन टाका ना त्या." पण घरात माझ्याशिवाय जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

"भाऊजी, तुमच्या त्या काळ्या बुटांना मीसुद्धा बिचकते," शेजारीण म्हणाली. "वहिनींचे पिवळे गमबूट घालून बघा. कोंबड्या पाय ओळखतात."

माप लहान होतं, पण बोटं मुडपून कसेबसे घातले. सगळ्या धावत आल्या, माझ्या हातातले दाणेसुद्धा टिपले. जिवाला बरं वाटलं.



मग दाराशी बूट काढून मी आत निघालो, तर सगळ्या त्या रिकाम्या बुटांना चिकटून बसल्या. मीही तिथेच बसलो.